हिरव्या शिवराईची प्रत

निघोज्याच्या गेनबा येळवंड्यांनी चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं तयार माल तपासला, आणि त्यातला बराचसा नाकारला. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. फक्त मालाच्या जागी तांब्याची जुनी नाणी आली. आकुर्डीत दर महिन्याला नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरते. तिथं नाण्याची प्रत गेनबाच ठरवतात, आणि लोक त्यांच्यासमोर जरा जपूनच बसतात.

एका रविवारी बैठकीत नाणी नव्यानंच जमवू लागलेला रणजीत आला. चुलत्याच्या देव्हाऱ्यातल्या तीन शिवराया, छत्रपतींच्या नावाची तांब्याची नाणी, त्यानं ॲसिडात बुडवून लखलखीत करून आणल्या होत्या.

"काका, एक नंबर हाय ना? आरशावानी!"

गेनबांनी भिंग लावलं. "आरसाच हाय. बघ तोंड त्यात."

"म्हंजे?"

"तांब्यावर वर्षानुवर्षं काळपट, कवा हिरवी, कडक साय धरती. ती नाण्याची कातडी. तू कातडी सोललीस आन् म्हणतोस, बघा कसं गोरं दिसतंय!"

"पण गंज होता की त्याच्यावर."

"गंज म्हंजे फिकट हिरवी भुकटी. नखानं झडती, तांबं खाती, खड्डे पाडती. त्यानं प्रत उतरती. तुझ्या नाण्याला एक खड्डा न्हाई. गंजाला जमलं न्हाई ते तू करून दाखवलंस, शाब्बास!"

आजूबाजूचे हसले. रणजीतचे कान तापले. "दुसऱ्याला नावं ठेवताय. तुमच्याकडं एक नंबरची शिवराई हाय म्हणता, ती कुणी बघितली का कवा?"

"पुढल्या बैठकीला आणतो. डोळं धुऊन ये."

घरी येऊन गेनबांनी कपाटातला नाण्यांचा अल्बम काढायला लावला. पाच-सहा वर्षांत त्यांनी तो उघडलाच नव्हता. इतकं चांगलं नाणं रोज हाताळायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. सुनेनं, सुप्रियानं, मऊ प्लॅस्टिकच्या खिशातून नाणं ओढलं आणि बोटं झटकली.

"मामा, हे चिकट लागतंय. हिरवं हिरवं."

गेनबांनी नाणं उजेडात धरलं. स्वस्तातल्या प्लॅस्टिकमधून तेलकट रस पाझरून त्यानं तांबं खाल्लं होतं. मागच्या बाजूच्या 'छत्रपति'मधल्या 'छत्र'वर हिरवा चिकटा बसला होता, आणि तो पुसल्यावर खाली खड्डे दिसले. त्यांनी भिंग लावून एकेक खड्डा मोजला.

"गाढवा," शेवटी ते म्हणाले. सुप्रियानं दचकून वर पाहिलं. "तुला न्हाई गं. मला म्हणतोय."

पुढच्या बैठकीत त्यांनी ते नाणं रणजीतपुढं ठेवलं आणि प्रत लिहायची कोरी चिठ्ठी सरकवली. "लिही. प्रत खराब. कारण, मालकाचा निष्काळजीपणा."

रणजीत आधी हसला, मग वरमला. "ऱ्हाऊ द्या काका. तुमचं नाणं हाय."

"म्हणूनच. लिही."

त्यानं लिहिलं. गेनबांनी चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली आणि परत ढकलली.

"अक्षर बी घाण हाय तुझं. नीट काढ."