निसवेपर्यंतचा सौदा

"हात घाला, मंग बोला." पोत्याचं तोंड सोडलं की आमच्या शेजारच्या बियाणेवाल्यांचं पहिलं वाक्य हेच. अड्याळच्या बाजारात ते बियाण्याचा धान विकत. गिऱ्हाइकाला कोपरापर्यंत हात घालायला लावत आणि मग त्याच धानाच्या दोन पुरचुंड्या बांधत. एक गिऱ्हाइकाला, दुसरी दुकानातल्या खुंटीला. लिहिता येत नसल्यामुळे खुणेची चिंधी गिऱ्हाइकाचीच लागे, कुणाच्या धोतराची, कुणाच्या लुगड्याची. हे बियाणं विकतात की चिंध्या, असं तुम्हालाही वाटलं असतं.

त्या गिऱ्हाइकाच्या शेतात धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या, की मगच खुंटीवरची गाठ सुटायची. "निसवल्याबिगर सौदा पुरा होत नाही," ते म्हणत. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमाराला मी नवा वकील होतो आणि शेजारीच राहायचो. माल दिला-घेतला की सौदा संपला, असं मी ऐटीत सांगायचो. ते हसून सुपारी पुढे करत.

एकदा मात्र ते उतरल्या चेहऱ्यानं आले. टेकरावर एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा, असलेल्या एका बाईला त्यांनी लवकर येणारा हलका धान कबूल केला होता आणि चुकून उशिरा येणारा भारी दिला होता. तिचं हलक्याचं पोतं कोपऱ्यात सापडलं, तोवर तिकडे लावणीच्या रोपांचे पऱ्हे वीतभर झाले होते. टेकरावर पाणी टिकत नाही. भारी धान भरण्याआधीच वाळणार, आणि तिचं वर्षाचं खाणं त्या एका बांधीवर.

मी कायदा सांगितला. तिनं माल घेतला, पेरला, आता परत करता येत नाही. फार तर भरपाई मागेल, आणि तिला तर अजून काही कळलेलंही नाही.

"भरपाईनं दाना भरते का, वकीलसाहेब? म्या हलका म्हनलो होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या शेतातले हलक्याचे पऱ्हे उपटून बैलगाडीनं तिच्या बांधीवर नेले. तिचे भारी आणून आपल्या खोलगट बांधीत लावले. खरं सांगतो, मला माझ्या वकिलीची लाज वाटली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पोळ्याच्या आसपास ते गेले. त्या वर्षीच्या पुरचुंड्या खुंटीवर तशाच होत्या. महिन्याभरानं ती बाई आली. घरच्यांनी दुकान उघडून दिलं. तिनं आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी ओळखली, गाठ सोडली आणि दाणे अंगणात चिमण्यांना टाकले.

"निसवला, भाऊ," ती रिकाम्या बैठकीकडे पाहून म्हणाली. "सौदा पुरा झाला."

मग बाकीची गिऱ्हाइकंही एकेक करून आली. दिवाळीपर्यंत खुंटी रिकामी झाली होती.