शुभवर्तमानावर तांबडे शेरे

चौकातल्या गाड्यांवर पोंक भाजायला लागले की त्या कोवळ्या ज्वारीचा हिरवट, धुरकट, किंचित गोडसर गंध हिवाळी उन्हाबरोबर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि मला हटकून ती दुपार आठवते. समीरनं, माझ्या मुलानं, पोंकाची पुडी माझ्यापुढे उलगडता उलगडताच सांगून टाकलं होतं, की त्याला एस्तेरशी लग्न करायचंय. नवापूरकडची मुलगी, सुरतेत एका इस्पितळात परिचारिका, धर्मानं ख्रिस्ती. मी पोंक चावत राहिले. आरडाओरडा करणं हे सामान्य सासवांचं काम, आणि मी तर सुरतेतल्याच लिंबायतच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवून नुकतीच निवृत्त झालेली विदुषी. मी एवढंच म्हटलं, “आधी त्यांचं बायबल वाचून पाहते.”

समीरला हे फार उदार वाटलं. बिचारा. मला श्रद्धा समजून घ्यायची नव्हती, मला चुका काढायच्या होत्या. ज्या घराचा ग्रंथच एकवाक्यतेनं बोलत नाही त्या घरची मुलगी कशी करायची, असा तो माझा बिनतोड युक्तिवाद होता. आमच्या पुराणांत एका कथेची चार-चार रूपं आनंदानं नांदतात, हे तेव्हा मला सोयीस्करपणे आठवलं नाही. पंधरा वर्षांपूर्वीची ती बाई आज जिन्यात भेटली, तर मी तिला हात जोडीन आणि दुसऱ्या बाजूनं उतरेन.

एस्तेरनं आपल्या आईचंच बायबल आणून दिलं; काळ्या रेक्झिनच्या बांधणीचं, टॉवेलात गुंडाळलेलं. “आई गेल्यापासून मी वाचते हे, काकू. तुम्ही सावकाश वाचा.” मग निरोप घेताना, चपला घालता घालता म्हणाली, “तिला कधी शंका शिवली नाही. शेवटपर्यंत.” हे ती मला सांगत होती की स्वतःला, याचा विचार करण्याइतकी सवड मला नव्हती. मी तांबडं पेन शोधत होते.

पेन वहीत टिपणं काढण्यासाठी होतं, देवाशपथ. पण एकतीस वर्षांत लाखो ओळींवरून फिरलेल्या हाताला समोर छापील कागद आला की समासच दिसतो. शुभवर्तमानं चार, एकाच कथेचे चौघांनी सांगितलेले वृत्तांत. ख्रिस्ताच्या आईचा नवरा योसेफ, त्याच्या बापाचं नाव एके ठिकाणी याकोब, दुसरीकडे एली, मी समासात लिहिलं, “वडिलांचे नाव नक्की करा.” विश्वासघातकी यहूदानं एकानं सांगितल्याप्रमाणे गळफास घेतला, दुसऱ्याच्या मते तो शेतात उलथा पडून पोट फुटून मेला, मी लिहिलं, “एक काय ते ठरवा.” रिकामी कबर पाहून आलेल्या बायका एका वृत्तांतात भयानं कोणालाच काही सांगत नाहीत, दुसऱ्यात धावत जाऊन शिष्यांना सांगतात, तिथं तर मी दोनदा अधोरेखित करून प्रश्नचिन्ह काढलं. खिडकीतून येणारं ऊन पानापानावरून सरकत होतं आणि मी चोराच्या मागावर असल्यासारखी प्रसन्न होते.

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, उलटलं, तारांवर फाटक्या पतंगांचे सांगाडे लटकू लागले, तेव्हा एकदा समीरनं ते उघडून पाहिलं आणि मटकन खाली बसला. “आई, हे तिच्या आईचं आहे. तू पेपर तपासलास?”

रविवारी एस्तेर येणार होती. शनिवारी सकाळी मी ब्लेड घेऊन उजेडात बसले आणि कांद्याच्या पापुद्र्यासारख्या त्या कागदावरून माझी विद्वत्ता खरवडू लागले. दोन ठिकाणी भोकं पडली. आणि तशात, चष्मा अगदी टेकवला असताना, यहूदाच्या ओळीशेजारी मला पेन्सिलीचं एक टिंब दिसलं. मोहरीच्या दाण्याहून लहान. मला आधी छपाईची चूक वाटली, मग समीरचा चावटपणा वाटला. योसेफाच्या बापापाशीही टिंब होतं. बायकांच्या भयापाशीही. तेव्हा मी पहिल्या पानापासून पुन्हा निघाले, या वेळी देवाच्या नव्हे, एका मृत बाईच्या मागावर. सात टिंबं सापडली. सगळी अशा जागी, जिथं एक वृत्तांत दुसऱ्याशी जुळत नव्हता. आणि त्यातली एक जागा, पौलाला वाटेत आकाशवाणी झाली तेव्हा त्याच्या सोबत्यांना आवाज ऐकू आला की नाही ही, माझ्या तांबड्या नजरेतून सपशेल निसटलेली. एस्तेरच्या सातवीपर्यंत शिकलेल्या आईनं मला मागं टाकलं होतं.

मी गेले होते खोट शोधायला आणि माझ्या हाती हुकमाचा एक्का आला होता. ‘तुझ्या आईलाही पटत नव्हतं’, एवढं म्हटलं असतं तर त्या पोरीनं माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

रविवारी तिनं टॉवेल सोडला, पानं उलटली, भोकांवरून बोट फिरवलं. उरलेले शेरे ओठ हलवत वाचले. मी ओशाळून उभी. शेवटी ती म्हणाली, “पास तरी केलंत ना, काकू?”

मग यहूदाच्या पानावर तिचं बोट थबकलं. “घरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आई. इथं आली की थांबायची. अशा चार-पाच जागा होत्या. आम्ही म्हणायचो, दमा आहे, धाप लागते.”

एक्का माझ्या जिभेवर होता. “असेल,” मी म्हटलं, “दमेकऱ्याला लांब वाक्यं झेपत नाहीत.” आणि समीरला बोलावून तिच्यासमोरच म्हटलं, की तारीख बघा. ती माया होती, की त्या बाईचं बिंग फुटू नये ही आम्हा शंकेखोरांची आपसातली निष्ठा, हे मला सांगता येणार नाही. माझा स्वतःवर फारसा विश्वास नाही.

पंधरा वर्षं झाली. टिंबांबद्दल मी बोलले नाही, तिनंही विचारलं नाही. पण ज्या पानावर ब्लेड चालवताना मला पहिलं टिंब दिसलं, त्याच पानावर बोट ठेवून तिनं ते थांबणं मला का सांगितलं, हा संशय जात नाही. हल्ली ती रविवारी माझ्या नातीला शेजारी घेऊन त्याच बायबलातून मोठ्यानं वाचते आणि मी स्वयंपाकघरात वरणाखालचा गॅस बारीक करून ऐकते. सुरेख वाचते, संथ, एका लयीत. काही जागांवर मात्र थांबते. श्वासभर, क्वचित दोन श्वास. आणि मग पुढं वाचते.

एस्तेरला दमा नाही.