सीझनात खोली सोडायची असते

गोव्याच्या किनाऱ्यावर हरमलला आमच्या घरात पर्यटकांचा सीझन सुरू झाला की घरची माणसं मागीलदारी जायची आणि भाडेकरू पुढे यायचे. चतुर्थी आटोपली की आई माझी खोली धुऊन काढायची, जनेलाला धुतलेला पडदा लावायची, खाटेवर नवी चादर घालायची, आणि आम्ही सगळी लाकडं ठेवायच्या पडवीत पथाऱ्या टाकायचो. माझ्या खाटेवर पाखलो झोपायचा. पाखलो म्हणजे गोरा माणूस, कुठल्याही देशाचा असो, आमच्याकडे त्याला एकच शब्द. एकदा एका पाखलिणीने आपली चड्डी आमच्या तुळशीवर वाळत घातली. मी ओरडणार तोच आईने माझ्या तोंडावर हात दाबला.

"कांयच म्हणूं नाका गो! सीझन आसा."

 पाखल्यांना आंघोळीला कढत पाणी नेऊन द्यायचं, हसायचं, आणि त्यांनी 'थँक यू' म्हटलं की आणखी हसायचं, हे मला पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी येत होतं. मधल्या भिंतीला कान लावून इंग्रजीही आलं, ते मात्र फुकटात.

पुढे मी डी.एड. केलं आणि पेडण्याजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत लागले. कोंकणी राजभाषा होऊन, गोव्याचं राज्य होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. मराठी की कोंकणी म्हणून मोठी माणसं एकमेकांची डोकी फोडत होती आणि तीच माणसं आपली पोरं गुपचूप इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवत होती. आमच्या शाळेत पोरं उरली नाहीत, शाळा बंद पडली. मी म्हापशाच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मागायला गेले. तिथल्या हेडमिस्ट्रेसबाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, मी धडाधड उत्तरं दिली. त्या गोड हसल्या.

"बोलता छान. पण मराठी मीडियमची इंग्लिश टीचर म्हटल्यावर पालक काय म्हणतील? असं करा, कुठेतरी परदेशात वर्षभर इंग्रजी शिकवून या. मग मला सांगता येईल."

आता परदेश काय म्हापशाच्या बाजारात मिळतो? पण त्याच सीझनला आमच्याकडे उतरलेल्या एका म्हाताऱ्या पाखलिणीने सांगितलं की चीनमधल्या लहान गावांतल्या शाळांत इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक लागतात. पगार नाही, राहणं आणि जेवण मिळतं. मी अर्ज केला, होकार आला. काकांनी जाताना आशीर्वाद दिला तो असा: "शिरगावच्या खाणीतली माती बोटीत घालून चीनला नेतात, तिच्यात लोखंड असतं. तुझ्यात काय आहे म्हणून नेतायत?" सगळी हसली. आईसुद्धा हसली.

चीनच्या उत्तरेकडचं ते गाव पेडण्याहून मोठं नव्हतं, पण थंडी अशी की नाकातला श्वास टोचायचा. शाळेचे हेडमास्तर मला घ्यायला स्टँडवर आले. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या पाठीमागे पाहिलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. बस रिकामी झाली तरी ते दाराकडे बघत उभे होते. मग त्यांच्यासोबत आलेली दुभाषी, त्याच शाळेतली एक तरुण शिक्षिका, माझी पेटी उचलायला आली. वर्गात पहिल्या दिवशी पोरांनी माझ्या हाताला बोटं घासून पाहिली, रंग निघतो का. नाही निघाला. त्यांना वाईट वाटलं असावं.

मी चिडून शिकवलं. दुसरं काही नव्हतंच करायला. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, गाल थंडीने फुटलेले, तोंड उघडायची नाही. मी तिला जनेलाशी उभी केली आणि बाहेरच्या कोळशाच्या ढिगाला उद्देशून ओरडायला लावलं. आधी रडली. मग ओरडली. पुढे तिला इतका चेव आला की गप्प बसवायची पाळी आली. एका कोल्ह्याची गोष्ट ती अख्खी इंग्रजीतून सांगायला लागली, हातवारे करून, अगदी माझ्यासारखे. वर्षअखेरीस पालकांसमोर मुलांनी इंग्रजी बोलून दाखवायचं अशी तिथली रीत होती. तो दिवस माझा झाला की शाळेकडून मिळणाऱ्या दाखल्यावर 'शिक्षिका' लागणार, आणि तो दाखला म्हापशाच्या बाईंच्या मेजावर आपटायचा, एवढ्यासाठी मी ती थंडी आणि ते अळणी सूप गिळत होते.

आणि ऐन थंडीत पाखलो आला.

फिरत फिरत आलेला कोणी होता. निळे डोळे, सोनेरी दाढी, इंग्रजी फाटकं. "आय ॲम टीच," म्हणाला तो मला. हरमलला असले मी ढिगाने पाहिले होते, त्यांचं इंग्रजी मी दुरुस्त करत असे. हेडमास्तर मात्र त्याचा हात धरून त्याला शाळाभर फिरवत होते, जसा काही जावईच आला. दुभाषीने मला सांगितलं, "उद्या त्यांना तुमचा वर्ग दाखवा." एवढंच. शपथेवर सांगते, एवढंच.

मी काय करावं? संध्याकाळी खोलीवर गेले आणि माझी पेटी भरली. त्या शाळेत हीटर असलेली ती एकच खोली. मी ती झाडली, चादर बदलली, थर्मासात कढत पाणी भरून उशाशी ठेवलं, आणि माझी पेटी स्वयंपाकघरामागच्या कोळशाच्या खोलीत नेऊन टाकली. कोणी सांगितलं नव्हतं मला. गोरा माणूस दारात आला की आपण मागीलदारी जायचं, हे हातापायांना ठाऊक होतं, डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. सकाळी हेडमास्तरांनी मला कोळशाच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं. आधी चक्रावले. मग तोंडभर हसले. मीही हसले.

दोन आठवड्यांत माझा वर्ग त्याचा झाला. मी मदतनीस. लसूण सोलता सोलता दुभाषीने एकदा सहज सांगितलं, "आम्हाला वाटलं होतं तुम्ही भांडाल. हेडमास्तर त्याला धाकट्यांचा वर्ग देणार होते, तुमचा तुम्हालाच ठेवणार होते. पण तुम्ही स्वतःच खोली सोडलीत. ते म्हणाले, या दमल्यात, यांना मागे व्हायचंय."

"अगो मेल्ये, मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी मराठीतच ओरडले.

तिला मतलब कळला. "तुम्ही हसत होता," ती म्हणाली.

मी तशीच लसणाच्या हातांनी दुभाषीला ओढत हेडमास्तरांकडे गेले. जे काही भांडायचं राहिलं होतं ते सगळं भांडले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा ओतला, आणि जनेलातून फाटकाकडे बोट दाखवलं. फाटकावर पाखल्याचा मोठा रंगीत फोटो लावून झाला होता. गावातल्या दोन नवीन पोरांची नावं त्या फोटोच्या जोरावर शाळेत दाखल झाली होती म्हणे. चहा मात्र चांगला होता.

पालकांच्या दिवशी तो वर्गात पुढे उभा राहिला, नवा कोट घालून. मी दाराशी, हातात चहाचा थर्मास. पोरांनी एकामागून एक बोलून दाखवलं. ते सगळं माझं इंग्रजी होतं, हरमलच्या भिंतीतून आलेलं, तो सूर पाखल्याला साता जन्मांत यायचा नाही. शेवटी माझी ती फुटक्या गालांची पोर उठली आणि तिने कोल्ह्याची गोष्ट सांगितली. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. कातड्याचा कोट घातलेल्या एका बापाने तिला विचारलं, इतकं छान कोणी शिकवलं? दुभाषीने मला ते हळूच सांगितलं.

पोरीने सरळ माझ्याकडे पाहिलं. चुकून नव्हे, शोधून पाहिलं. मग बोट उचललं आणि पाखल्याकडे केलं. टाळ्या पडल्या. तिला गोळ्यांची पुडी मिळाली, ती तिने तिथेच फोडून खाल्ली. तिला कोणी पढवलं असेल, कोणी धाक घातला असेल, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मात्र मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि आजही ती आठवली की हात शिवशिवतो.

दाखल्यावर 'मदतनीस' लागलं. म्हापशाला त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून मी म्हापशाला गेलेच नाही.

मी घरी पोचले तेव्हा हरमलला सीझन ऐन भरात होता. दुपारची वेळ. आई माझी पेटी बघून बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काय झालं ते विचारलंही नाही.

"बाय, मागीलदारी नीज हां. फुडल्या खोलीत पाखलो आसा."

माझं डोकंच फिरलं. मी पेटी घेऊन तशीच पुढे गेले आणि माझ्या खोलीच्या दारावर थापा मारल्या. एक अर्धवट झोपेतला गोरा बाहेर आला, कमरेला आमचाच टॉवेल. मी त्याला इंग्रजीत सुनावलं, सगळं, एका दमात. ही माझी खोली आहे. ही खाट माझी आहे. तू आत्ताच्या आत्ता बाहेर हो.

तो शांतपणे ऐकत राहिला. मग कौतुकाने हसला.

"तुझं इंग्रजी फार छान आहे," तो म्हणाला. "कोणी शिकवलं?"

आई मागून धावत आली. तिने माझं मनगट धरलं, त्याला म्हणाली, "सॉरी हां, सॉरी," आणि मला ओढत मागे नेलं. ताटात भात वाढला, वर माशांची कडी घातली. मी जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आंघोळीचं पाणी मीच तापवून नेलं. तो 'थँक यू' म्हणाला.