कंपनीच्या बसचा थांबा

अंबडची आमची कंपनी बंद पडली, तरी मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट इन करून, हातात डबा घेऊन चौकातल्या बसथांब्यावर उभा राहायचो. थांब्याला लागूनच मजुरांचा नाका होता. मुकादम टेम्पो घेऊन यायचे आणि हवी तेवढी माणसं कामाला घेऊन जायचे. त्यांच्यातल्या एखाद्यानं आपणहून मलाही हाक मारावी, अशी माझी आशा. पण कॉलनीतलं कोणी दिसलं, की मी लगेच बस येते त्या बाजूला बघायला लागायचो.

मग महापालिकेनं शहराचा कायापालट करायचं मनावर घेतलं. कारखान्यांना कुलपं लागलेली, पोरं रिकामी फिरतायत, आणि हे चौकात कारंजं बसवणार! म्हणे त्यानं शहरात उद्योग येतील. त्या कारंज्यासाठी थांबा पाडला आणि नाका पलीकडे नाल्याच्या कडेला हलवला.

आता बसची वाट बघायचं सोंग करायलाही जागा उरली नाही. त्या सकाळी मान खाली घालून मी नाल्याकडे गेलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. सुरगाण्याकडची एक बाई रोज नाक्यावर असायची. तिनं सरकून मला पुढे जागा करून दिली.

"शर्ट भाईर काढा, भाऊ," ती हळूच म्हणाली. "इन केलेल्या मानसाला मुकादम नेत नाय. मी लय दिवसांपासून सांगनार होते. पन तुमी बसची वाट बघत होते ना."