आखाडातली जुळी

डिंडोलीच्या एका प्रसूतिगृहात मी वीस वर्षं आया आहे. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीकडे बघतात, मी कॅलेंडरकडे. जुळी जास्त करून आखाडातच येतात, हे माझं ठाम मत. कारण साधं. दिवाळीत कापडाचे लूम बंद, पांडेसऱ्याच्या मिली बंद. बारा-बारा तासांच्या पाळीतून सुटलेला माणूस गावी जातो, पोटभर जेवतो, झोपतो. मग श्रावणात पाळणे हलतात. जुळी घाईची, ती महिनाभर आधीच हजर. बाया हसायच्या, पण मानायच्या.

गेल्या दिवाळीत सुनेला दिवस गेले. पोटात दोन आहेत कळल्यावर मी फुशारकीने सांगून टाकलं, "आखाडात येतील, लिहून ठेवा!"

एका सकाळी ती ओट्याला धरून उभी राहिली. कळ आली की ती अहिराणीत बोलते. "आत्या, पोट दुखी राह्यनं."

भिंतीवर ज्येष्ठ चालू होता. मी म्हटलं, "खोट्या कळा गं. आखाड लागायला अजून दहा दिवस आहेत. पड जरा." दुपारपर्यंत तिने आणखी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी तिला गप्प बसवलं. माय वं, काय म्हणावं माझ्या शहाणपणाला!

शेवटी ती किंचाळली तेव्हा रिक्षा बोलावली. थोरली नीट आली. धाकटी निळी पडलेली, रडलीच नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

पेटीबाहेर बसल्यावर डोक्यात उजेड पडला. यंदा धोंड्याचा महिना होता, ज्येष्ठ दोनदा आला होता. सुनेचे आईवडील धुळ्याहून माझ्या मुलाला अधिकाचं वाण द्यायला आले होते. त्यातले चार अनारसे मीच खाल्ले, आणि तोच महिना मोजायला विसरले. पोरी वेळेवर आल्या होत्या, मीच एक महिना मागे होते.

आणि खरं सांगू? आखाडातली जुळी तेवढी माझ्या लक्षात राहिली. पौषात, फाल्गुनात आलेली मी विसरत गेले. एवढ्या भांडवलावर मी सुनेच्या कळांना खोटं म्हटलं. लाज वाटते.

बावीस दिवसांनी धाकटी घरी आली. मी सुनेला म्हटलं, "चुकलं गं माझं."

"सांगत तर होते मी," ती म्हणाली. मग तिने धाकटीला माझ्या हातात दिलं, पण तिच्या पाठीखालचा स्वतःचा हात काढला नाही.