दाणा मागेल तेव्हा

मामी फोनवर एवढंच म्हणाली, "तुझं मामा गेलं गं..." मी शिक्रापूरच्या ऑफिसात होते. समोरच्या स्क्रीनवर एक रकाना रिकामा होता आणि त्यात आकडा टाकल्याशिवाय पान बंद होत नव्हतं. मी काहीतरी आकडा टाकला आणि मग उठले. दीड महिना झाला, पण त्या दोन-तीन सेकंदांची मला अजून भीती वाटते.

मामा दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे उसाचा पाक आटवायचं दोन मजली बंद भांडं. त्यातून थोडासा पाक काढायचा, काचेच्या पट्टीवर बोटानं पसरायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा... आणि ठरवायचं. साखरेच्या दाण्यात नको तो बारीक चुरा दिसला, तर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून तो विरघळवायचा. उशीर झाला की अख्खं पॅन बिघडतं. खंडेनवमीला सगळे पॅनला झेंडूचे हार घालत. आमचे बौद्ध मामा हार घालत नसत, पण त्या दिवशी व्हॉल्व्हचं चाक तेलानं पुसून लख्ख करत.

पुढे तिथं ऑटोमेशन आलं. ते बसवणाऱ्या कंपनीत माझी पहिली नोकरी. मी कुणाशी फारसं बोलत नाही, पण मामांशेजारी वही घेऊन बसायचं काम मला जमलं. "काय मॅडम, आज काय चोरायला आलाय?" असं हसून विचारायचे आणि सगळं सांगायचे. एकाच ठिकाणी अडलं.

"मामा, पाणी किती मिनिटांनी द्यायचं?"

"दाणा मागंल तवा."

"मिनिटं सांगा ना."

"अगं, त्याच्याकडं कुठलं घड्याळ?"

सिस्टिमच्या फॉर्मला मिनिटांचा आकडा हवा होता. मी बारा लिहिलं. मामांना सांगितलं नाही.

गेल्या हंगामात व्हॉल्व्हची चाकं काढून टाकली. मामांना नुसतं लक्ष ठेवायला बसवलं होतं. एका दुपारी मी तिथं असताना त्यांनी काच उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. हात सवयीनं चाकाकडं गेला, आणि हवेतच फिरला.

"पाणी दे, लवकर!"

"मामा, सिस्टिम अजून चार मिनिटं दाखवतीय," स्क्रीनपुढचा ऑपरेटर म्हणाला. "माझ्या हातात न्हाई."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "मग कुनाच्या हातात हाय गं?"

वेळ बदलायची परवानगी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून यायची होती. मी फोन लावला. ती येईपर्यंत चार मिनिटं संपली आणि पॅनही गेलं. ती चार मिनिटं माझ्या बारातली होती.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "यंत्राला नावं न्हाई ठेवत मी. पर थांबवायला मानूस नगं व्हय?" तो बाराचा आकडा माझा होता, हे मी तेव्हाही सांगितलं नाही...

मामांच्या गावी, मांडवगण फराट्याला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामीनं रुमालात बांधलेली मामांची काचेची पट्टी माझ्या हातात ठेवली. "तुलाच त्यातलं कळतं, म्हनायचे."

आता ऑफिसात मी कुठलाही निर्णय घेतला की स्क्रीनवर एक चौकट विचारते, हे का केलंत? त्या उत्तरांवरून सिस्टिम माझं काम शिकतेय. मी मुकाट्यानं लिहिते. चोरायला आलाय का, असं विचारावं, तर समोर कुणी नसतं. सकाळी निघण्याआधी कधीकधी त्या पट्टीवर साखरेचा घट्ट पाक पसरते आणि खिडकीशी धरते. दाणे दिसतात. ते काय मागतायत, मला कळत नाही.