धुरपताचा हसता फोटो

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात उमेंद्रचं बी-खताचं दुकान आहे. पण गिऱ्हाईक नसलं की त्याचा जीव दुकानात नसतो, विकत घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्यात असतो. बगळे, धुकं, बांधावर बसलेली म्हातारी माणसं, जे दिसेल ते टिपायचं आणि संध्याकाळी फेसबुकवर टाकायचं. वीस-पंचवीस लाइक यायचे. त्यातला एक माझा. नाही केला तर दुसऱ्या दिवशी विचारायला हजर.

यंदा भाताच्या रोवणीत तो फोटो काढायला पाणी भरलेल्या एका बांधीत उतरला आणि पाय घसरून चिखलात सपशेल बसला. रोवणाऱ्या बाया हसल्या. धुरपताही हसली, डोळे मिटून, अगदी मोकळं. उमेंद्रनं बसल्या जागी बटण दाबलं. तिचा नवरा बिसराम जाऊन महिनाच झाला होता आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आली होती. उमेंद्रला हे माहीत होतं. तरी त्यानं फोटो टाकला, वर लिहिलं, ‘चिखलातलं सुख’. त्याचा मला अजून राग येतो. माझाही येतो, कारण सकाळी उठून लाइक मीही केला.

दोन दिवसांत चार हजार लाइक झाले. कुठकुठले लोक लिहीत होते, खरा आनंद खेड्यातच. तोच फोटो गावाच्या ग्रुपवर आला, तेव्हा खाली वेगळंच लिहिलेलं होतं, नवरा जाऊन महिना झाला नि ही हासते. धुरपताचा दीर इंद्रकुमार आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘एवढं हासू येते तं माहेरी जाऊन हास.’’ सोबतच्या बायांनी सकाळी कामावर जाताना तिला हाक मारणं बंद केलं. शेवटी भाऊ येऊन तिला माहेरी, चिचगडला घेऊन गेला.

उमेंद्रनं फोटो काढून टाकला. दारोदार जाऊन सांगितलं, की ती मला पडलेलं पाहून हसली, बाकी काही नाही. लोक ऐकून घेत आणि आपल्या मोबाइलमधला फोटो काढून पुन्हा पाहत.

पोळा झाल्यावर तो मला घेऊन चिचगडला गेला. धुरपता भावाच्या पडवीत भाजी निवडत होती. उमेंद्रनं हात जोडले. तिनं विचारलं, फोटो आहे का. तिचा मोबाइल बटणांचा. ‘‘साऱ्या गावानं पाह्यला, भाऊ. मीच नाही पाह्यला.’’

एक प्रत त्यानं ठेवली होती. मान खाली घालून त्यानं मोबाइल पुढं केला. धुरपतानं हात पदराला पुसून तो घेतला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

‘‘ते गेल्यावर एकच खेप हासली मी,’’ ती म्हणाली.

उमेंद्र रडायला लागला. मोठा करून, फ्रेम घालून आणून देतो म्हणाला. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

धुरपतानं आत, भावजयीच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

‘‘कोनाच्या भिंतीवर लावू, भाऊ?’’